परदेशातला हवाई तळ: जागा कशी ठरते आणि रसद कशी पोहोचते?

लढाऊ विमानांचे व्हिडिओ आपण सगळेच बघतो. वेग किती, क्षेपणास्त्रं कोणती, रडारला दिसतं की नाही, यावर कमेंटमध्ये तावातावाने वादही होतात. पण एक साधा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं: हे विमान उतरणार कुठे, आणि उतरल्यावर त्यात इंधन कुठून येणार?

हवेत असलेलं विमान काही तासांचं पाहुणं असतं. त्याला जमिनीवर यावंच लागतं. आणि लढाई आपल्या देशापासून हजारो किलोमीटर लांब असेल, तर ती जमीन बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाची तरी असते. म्हणून परदेशातले तळ आणि तिथवरची रसद यांचं नियोजन हा हवाई दलांच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा दिसणारा, पण सगळ्यात निर्णायक भाग आहे. या लेखात तो खऱ्या उदाहरणांतून समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचं तर

- तळ निवडताना फक्त शत्रूपर्यंतचं अंतर बघून चालत नाही. एकूण चार अंतरं बघावी लागतात.
- सगळ्यात जड आणि सगळ्यात जास्त लागणारी वस्तू म्हणजे इंधन. ते जहाजाने किंवा पाइपलाइनने पोहोचत नसेल, तर तळ कागदावरच राहतो.
- तळाची खरी क्षमता किती विमानं येऊ शकतात यावर ठरत नाही. किती विमानं एका वेळी उभी राहू शकतात आणि किती लवकर रिकामी होतात यावर ती ठरते.
- परक्या जमिनीवरची परवानगी कधीही मागे घेतली जाऊ शकते.
- तळ जितका मोठा आणि सोयीचा, तितकाच तो शत्रूला सोपा निशाणा.

तळ म्हणजे फक्त धावपट्टी नाही

गुगल मॅपवर लांबलचक धावपट्टी दिसली की आपल्याला वाटतं, झाला तळ तयार. प्रत्यक्षात धावपट्टी ही फक्त सुरुवात असते. नियोजन करणाऱ्यांच्या यादीत साधारण या गोष्टी असतात:

१. धावपट्टीची लांबी आणि ताकद. लांबी पुरेशी असली तरी खालचा थर कच्चा असेल तर जड मालवाहू विमान ती खचवून टाकतं. शिवाय उंची आणि तापमान यांचाही हिशेब लागतो. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२०० मीटरहून जास्त उंचीवर आहे. तिथे हवा विरळ, म्हणून पंखांना मिळणारी उचल कमी आणि इंजिनाची ताकदही कमी. ऊन वाढलं की अडचण आणखी वाढते. त्यामुळे तिथली बरीचशी उड्डाणं सकाळी असतात.

२. विमानं उभी करायची जागा.

३. इंधनाच्या टाक्या, आणि त्या टाक्या भरायची सोय.

४. दारूगोळ्याची कोठारं. ती माणसांच्या वस्तीपासून आणि विमानांपासून ठरावीक अंतरावरच असावी लागतात, म्हणून जागा भरपूर लागते.

५. पाणी, वीज, राहायची सोय, दवाखाना, अग्निशमन दल, सुटे भाग, दळणवळण.

इंधनाचं एक गणित करून बघूया. सुखोई-३० एमकेआय विमानात पोटातल्या टाक्या पूर्ण भरल्या तर सुमारे साडेनऊ टन इंधन मावतं. समजा १८ विमानांचं स्क्वॉड्रन रोज प्रत्येकी दोन उड्डाणं करतंय आणि दर वेळी टाकी पूर्ण भरावी लागतेय. म्हणजे १८ गुणिले २ गुणिले ९.५, एकूण ३४२ टन. हे फक्त एका दिवसाचं. भारतीय हवाई दलाचं सी-१७ विमान साधारण ७० टन वजन वाहून नेतं. म्हणजे या एका स्क्वॉड्रनची तहान भागवायला रोज पाच सी-१७ फक्त इंधनासाठी लागतील, आणि ती पाच विमानं स्वतः जे इंधन पितील ते वेगळंच! याउलट ३० हजार टनांचं एकच तेलवाहू जहाज बंदराला लागलं, तर जवळजवळ तीन महिन्यांची सोय होते.

म्हणूनच नियोजन करणारे नकाशात धावपट्टी शोधल्यावर लगेच दुसरी गोष्ट शोधतात: जवळचं बंदर.

चार अंतरांचा नियम

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन हवाई दलासमोर मोठा प्रश्न होता. सोव्हिएत संघाविरुद्ध युद्ध झालंच, तर बॉम्बर विमानं कुठे ठेवायची? परदेशात तळ बांधायला प्रचंड पैसा मंजूर होणार होता. रँड या संशोधन संस्थेत गणिती तर्कशास्त्राची पार्श्वभूमी असलेले अल्बर्ट वोलस्टेटर आणि त्यांचे सहकारी यांनी हा प्रश्न हातात घेतला. १९५४ साली त्यांचा अहवाल आला. त्याचा क्रमांक आर-२६६. या विषयात तो आजही मूलभूत मानला जातो.

त्यांनी सांगितलं की तळाच्या जागेचा विचार करताना चार अंतरं एकत्र बघा:

- तळापासून लक्ष्यापर्यंतचं अंतर
- तळापासून शत्रूच्या हद्दीत शिरायला सोयीच्या जागेपर्यंतचं अंतर
- तळापासून आपल्या रसदीच्या मूळ ठिकाणापर्यंतचं अंतर
- शत्रूच्या हवाई तळांपासून आपल्या तळापर्यंतचं अंतर

गंमत अशी की ही चार अंतरं एकमेकांशी भांडतात. लक्ष्याच्या जवळ गेलात तर विमानाला कमी उडावं लागतं, इंधन वाचतं, एकाच दिवसात जास्त फेऱ्या होतात. पण तेवढंच शत्रूलाही तुमच्यापर्यंत यायला सोपं जातं, आणि घरून येणारी रसद लांबते. लांब राहिलात तर सुरक्षित, पण प्रत्येक फेरी महाग.

वेबसाइट चालवणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. वापरणाऱ्याच्या जवळ सर्व्हर ठेवला की पान पटकन उघडतं, पण मूळ सर्व्हरवरून तिथे डेटा पोहोचवत राहावा लागतो, आणि जितक्या जागा वाढतील तितकी राखण वाढते. फरक एवढाच की सर्व्हरवर कुणी बॉम्ब टाकत नाही.

अहवालाने चार पर्याय तपासले. बॉम्बर पुढच्या परदेशी तळांवर ठेवायचे, मधल्या अंतरावरच्या परदेशी तळांवर ठेवायचे, अमेरिकेतच ठेवून हवेत इंधन भरत न्यायचे, किंवा अमेरिकेत ठेवून परदेशी तळांचा वापर फक्त उतरून इंधन भरण्यापुरता करायचा. त्यांनी कौल दिला शेवटच्या पर्यायाला. कारण मोठे, कायमचे पुढचे तळ एका अचानक हल्ल्यात विमानांसकट संपले असते. केवळ इंधन भरून निघून जायचं असेल, तर विमानं तिथे थोडाच वेळ सापडतात. तळ हा मुक्कामाचं ठिकाण न राहता वाटेवरचा पेट्रोल पंप झाला.

रसद विसरलं की काय होतं: खरगपूर ते चेंगदू

तिसऱ्या अंतराकडे दुर्लक्ष केल्याची किंमत त्याआधी दहा वर्षं मोजून झाली होती, आणि त्यातला एक टोक आपल्या भारतात होतं.

१९४४ साली अमेरिकेला जपानवर बी-२९ या नव्या, लांब पल्ल्याच्या विमानांनी हल्ले करायचे होते. जपानच्या पुरेसं जवळ, मित्रराष्ट्रांच्या ताब्यात असलेली जागा म्हणजे चीनमधलं चेंगदू. तिथपर्यंत जमिनीवरून रस्ता नव्हता, कारण ब्रह्मदेश जपान्यांच्या हातात होता. चीनचा किनाराही जपानकडे. म्हणून योजना ठरली ती अशी: मुख्य तळ बंगालमध्ये खरगपूरच्या आसपास, आणि पुढचे तळ सुमारे १,९०० किलोमीटरवर चेंगदूजवळ. या मोहिमेचं नाव होतं ऑपरेशन मॅटरहॉर्न. चेंगदूजवळच्या धावपट्ट्या लाखो चिनी मजुरांनी हाताने दगड फोडून, माणसांनी ओढायचे रूळ फिरवून तयार केल्या.

जागा मिळाली, धावपट्टी झाली. पण इंधन? ते थेंबन् थेंब हिमालयाच्या पूर्वेकडच्या डोंगररांगांवरून विमानानेच न्यावं लागत होतं. या हवाई मार्गाला वैमानिक 'हंप' म्हणजे उंटाचं मदार म्हणायचे. आसाममधल्या तळांवरून या मार्गाने चीनला रसद जायची. वादळं, बर्फ आणि डोंगर यांनी मिळून युद्धकाळात या मार्गावर पाचशेहून जास्त विमानं आणि हजाराहून जास्त माणसं घेतली.

बी-२९ च्या तुकड्यांना स्वतःचं इंधन स्वतःच वाहावं लागलं. एक हल्ल्याची फेरी करण्याएवढं इंधन चेंगदूला साठवायचं, तर त्याआधी इंधनाच्या अनेक फेऱ्या. काही विमानांतली शस्त्रं काढून त्यांचे टँकर केले. वारा उलटा असला की एखाद्या फेरीत पोहोचवलेल्या इंधनापेक्षा जाळलेलं इंधनच जास्त व्हायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असाच हा प्रकार होता.

१५ जून १९४४ च्या रात्री जपानमधल्या यावाता इथल्या पोलाद कारखान्यावर पहिला हल्ला झाला. चेंगदू भागातून ६८ विमानं निघाली, त्यातली ४७ यावातापर्यंत पोहोचून बॉम्ब टाकू शकली. कारखान्याचं नुकसान नगण्य. त्यानंतर पुढच्या मोहिमेसाठी पुन्हा इंधन साठवत बसायचं. १९४५ च्या जानेवारीत चेंगदूहून होणारे हल्ले थांबवले गेले.

तोवर पॅसिफिकमधली सायपान, टिनियन आणि ग्वाम ही बेटं अमेरिकेने जिंकली होती. तिथून टोकियो साधारण २,४०० किलोमीटर, म्हणजे चेंगदूहून यावाता जेवढं, जवळपास तेवढंच. विमान तेच, पल्ला तोच. फरक एकच: बेटांना समुद्र होता. तेलवाहू जहाजं थेट येऊन टाक्या भरायची. काही महिन्यांत तिथून शेकडो विमानं एकाच रात्री उडायला लागली. टोकियो बेचिराख करणारे हल्ले इथूनच झाले, आणि हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं विमानही टिनियनवरूनच उडालं. रसदीचा प्रश्न सुटणं म्हणजे काय, हे जपानच्या शहरांनी असं अनुभवलं.

जाता जाता: खरगपूरजवळच्या हिजली इथल्या ज्या बंदीगृहाच्या इमारतीत युद्धकाळात अमेरिकन हवाई दलाचा मुक्काम होता, तिथेच पुढे १९५१ साली देशातली पहिली आयआयटी सुरू झाली.

घोडं पेंड कुठे खातं: जमिनीवरचा वेळ

नवख्या माणसाला वाटतं, जास्त माल पोहोचवायचाय तर जास्त विमानं लावा. पण अडतं ते आकाशात नाही, जमिनीवर.

यासाठी नियोजनात एक आकडा वापरतात: एका वेळी तळावर किती विमानांचं काम होऊ शकतं. इंग्रजी शब्द आहे 'मॅक्झिमम ऑन ग्राउंड', लघुरूप 'मॉग'. यात नुसती उभी करायची जागा धरत नाहीत. माल उतरवायची यंत्रं किती, इंधनाचे ट्रक किती, माणसं किती, हे सगळं धरतात.

समजा एका तळाचा मॉग ४ आहे. प्रत्येक विमान जमिनीवर २ तास थांबतं आणि तळ २४ तास चालू आहे. म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त ४८ विमानं. प्रत्येकात ४० टन माल असेल तर १,९२० टन. विमानं अगदी घड्याळाच्या काट्यावर येत नाहीत, म्हणून त्यातले ८५ टक्के धरले तर सुमारे १,६३० टन. आता तुम्ही आणखी पन्नास विमानं आणलीत तरी हा आकडा हलणार नाही. ती नुसती हवेत घिरट्या घालतील. पण जमिनीवरचा वेळ दोन तासांवरून एका तासावर आणलात, तर आकडा थेट दुप्पट!

हे सगळ्यात ठळकपणे दिसलं बर्लिनमध्ये. जून १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. वीस लाखांहून जास्त लोकांचं अन्न आणि कोळसा विमानाने न्यायची वेळ आली. सुरुवातीला नुसता गोंधळ होता. मग विल्यम टनर या सेनाधिकाऱ्याला बोलावलं. त्यांनी आधी हंपचा मार्ग चालवला होता.

टनर यांचे उपाय ऐकायला किरकोळ वाटतील. वैमानिकांनी बर्लिनला उतरल्यावर विमान सोडून जायचं नाही. चहा-नाश्त्याची गाडी विमानाजवळ येईल, हवामानाची माहिती द्यायला माणूसही तिथेच येईल. एखाद्याचं उतरणं चुकलं तर पुन्हा रांगेत घुसायचं नाही, माल घेऊन सरळ परत जायचं. त्यामुळे मागची रांग विस्कटत नाही. बर्लिनमधला थांबा अर्ध्या तासावर आला. तेगेल इथे तीन महिन्यांत नवीन विमानतळ उभारला. १६ एप्रिल १९४९ ला संपलेल्या एका दिवसात १,३९८ फेऱ्यांतून जवळपास १३ हजार टन माल पोहोचला. पुढच्याच महिन्यात, १२ मे ला, नाकेबंदी उठली. सप्टेंबर १९४९ पर्यंत एकूण सुमारे २३ लाख टन माल गेला, आणि त्यातला जवळपास दोन तृतीयांश होता साधा कोळसा.

समुद्रातला एक ठिपका: असेन्शन, १९८२

एप्रिल १९८२ मध्ये अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड बेटं घेतली. ब्रिटनपासून ती सुमारे १३ हजार किलोमीटर. मध्ये ब्रिटनच्या हातात एकच उपयोगाची जागा होती: असेन्शन नावाचं ज्वालामुखीचं बेट. तिथे सुमारे तीन किलोमीटर लांबीची एकच धावपट्टी, आणि तिचा कारभार करारानुसार अमेरिकेकडे. बेट ब्रिटनचं, धावपट्टी चालवणारे अमेरिकन, आणि युद्ध ब्रिटनचं!

या बेटावर धड बंदर नव्हतं. तेलवाहू जहाजं किनाऱ्यापासून दूर उभी राहायची आणि तरंगत्या पाइपमधून इंधन किनाऱ्यावरच्या टाक्यांत यायचं. तिथून धावपट्टीपर्यंत इंधन टँकर-ट्रकने नेणं पुरेना, म्हणून सैन्याच्या अभियंत्यांनी तात्पुरती पाइपलाइन टाकली. गोड्या पाण्याचीही चणचण होती. त्यामुळे बेटावर किती माणसं राहू शकतात यालाच मर्यादा आली. एखाद्या तळाची क्षमता पिण्याच्या पाण्यावर ठरू शकते, हे इथे दिसलं.

असेन्शनपासून फॉकलंड ६ हजार किलोमीटरहून लांब. व्हल्कन बॉम्बरला एवढं जाऊन परत येणं स्वतःच्या इंधनावर शक्यच नव्हतं. म्हणून ३० एप्रिलच्या रात्री दोन व्हल्कनबरोबर अकरा व्हिक्टर टँकर उडाले. टँकर व्हल्कनला इंधन देणार, आणि टँकरला इंधन द्यायला दुसरे टँकर. दर टप्प्यावर काही टँकर उरलेलं इंधन पुढच्यांना देऊन माघारी फिरणार. मुख्य व्हल्कनची केबिन हवाबंद राहीना, म्हणून ते परतलं आणि मार्टिन विदर्स यांचं राखीव विमान पुढे झालं. वाटेत हिशेब चुकत गेला, इंधन ठरल्यापेक्षा जास्त जळत होतं. शेवटच्या टँकरचे वैमानिक बॉब टक्सफर्ड यांनी स्वतःच्या परतीचं इंधनही व्हल्कनला देऊन टाकलं. हल्ला होईपर्यंत रेडिओवर बोलायचं नव्हतं. मोहीम झाल्याचा संदेश आल्यावरच त्यांनी मदत मागितली आणि त्यांच्यासाठी आणखी एक टँकर पाठवावा लागला.

सुमारे १६ तासांच्या या उड्डाणात व्हल्कनने २१ बॉम्ब टाकले. स्टॅनलीच्या धावपट्टीवर पडला एक. एवढ्या खटाटोपाला अर्थ होता का, यावर आजही वाद आहे. नियोजनाचा धडा मात्र स्पष्ट आहे: जवळचा तळ नसेल तर पल्ला विकत घेता येतो, पण तो फार महाग पडतो.

परवानगी: दिली तशी काढूनही घेतात

फोनमध्ये ॲपला लोकेशनची परवानगी देतो आणि नको वाटलं की बंद करतो. परदेशी तळांचंही तसंच असतं. परवानगीचे तीन वेगळे प्रकार असतात: आकाशातून जायची, उतरून इंधन भरायची, आणि तिथून हल्ला करायची. एक मिळाली म्हणजे बाकीच्या मिळाल्या असं नाही.

एप्रिल १९८६: अमेरिकेला लिबियावर हल्ला करायचा होता. एफ-१११ विमानं इंग्लंडमधल्या लेकनहीथ तळावर होती. फ्रान्स आणि स्पेनने आपल्या आकाशातून जायला नकार दिला. विमानांना अटलांटिकमधून जिब्राल्टरला वळसा घालून जावं लागलं. येऊन-जाऊन तेराएक तास, आणि वाटेत पुन्हा पुन्हा हवेत इंधन.

मार्च २००३: इराक युद्धाआधी ६२ हजार अमेरिकन सैनिक आणि विमानं तुर्कस्तानात येऊ द्यायची का, यावर तिथल्या संसदेत मतदान झालं. बाजूने २६४, विरोधात २५०. तरी ठराव पडला, कारण १९ जण तटस्थ राहिले आणि हजर सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतं लागत होती. सामानाने भरलेली जहाजं तुर्कस्तानसमोर उभी होती. ती सुएझमार्गे कुवेतला वळवावी लागली. उत्तर इराकमध्ये सुमारे हजार छत्रीसैनिक इटलीतून सी-१७ विमानांनी नेऊन उतरवले.

मध्य आशिया: अफगाणिस्तानच्या युद्धासाठी २००१ मध्ये अमेरिकेने उझबेकिस्तान आणि किरगिझस्तानात तळ घेतले. २००५ मध्ये उझबेकिस्तानने १८० दिवसांत निघा असं सांगितलं. किरगिझस्तानातल्या मनासचं भाडं २००९ मध्ये वर्षाला १ कोटी ७४ लाख डॉलरवरून ६ कोटी डॉलरवर गेलं, आणि २०१४ मध्ये तोही तळ रिकामा करावा लागला.

म्हणून शहाणं नियोजन एका तळावर विसंबत नाही. प्रत्येक तळासाठी 'हा उद्या बंद झाला तर?' याचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असतं.

तळच निशाणा झाला तर?

वोलस्टेटर यांचं चौथं अंतर, म्हणजे शत्रूपासूनचं अंतर, आज पुन्हा चर्चेत आहे. लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं आता मोठ्या तळांपर्यंत सहज पोहोचतात. आणि १ जून २०२५ ला युक्रेनने रशियातच ट्रकमधून ड्रोन सोडून हवाई तळांवर हल्ले केले. त्यातला सायबेरियातला बेलाया तळ युक्रेनपासून ४ हजार किलोमीटरहून लांब आहे. अंतर म्हणजेच सुरक्षा, हा हिशेब त्या दिवशी मोडला.

यावर अमेरिकन हवाई दलाचं सध्याचं उत्तर आहे विखुरणं. सगळी विमानं एका मोठ्या तळावर न ठेवता लहान लहान जागांवर फिरती ठेवायची. थोडी माणसं, थोडं सामान, आणि एका माणसाला अनेक कामं. यासाठीच टिनियन बेटावरच्या दुसऱ्या महायुद्धातल्या, जंगलाने गिळलेल्या धावपट्ट्या पुन्हा साफ केल्या जात आहेत. पण यातही फुकट काही नाही. दहा जागा म्हणजे दहा ठिकाणी इंधन, दहा ठिकाणी दारूगोळा, दहा ठिकाणी राखण. निशाणा लहान होतो, पण रसदीची डोकेदुखी दहापट.

ज्यांची जमीन गेली

नकाशावर 'सोयीची जागा' लिहिताना तिथे माणसं राहतात हे विसरलं जातं. हिंदी महासागरातलं दिएगो गार्सिया हे बेट त्याचं ठळक उदाहरण. १९६६ मध्ये ब्रिटनने ते संरक्षणासाठी अमेरिकेला वापरायला द्यायचा करार केला. १९६८ ते १९७३ या काळात चागोस द्वीपसमूहातल्या दीड ते दोन हजार रहिवाशांना तिथून हलवलं गेलं. बहुतेकांना मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडलं. पुढे आखाती युद्ध आणि अफगाणिस्तान या दोन्ही वेळी तिथून बॉम्बर उडाले.

नियोजनाच्या चारही अंतरांवर हे बेट जवळपास आदर्श आहे. चागोसी कुटुंबांसाठी मात्र तो हरवलेला गाव आहे, आणि पन्नासहून जास्त वर्षं ते परतीसाठी कोर्टात झगडत आहेत. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लावजा मत दिलं की ब्रिटनने या द्वीपसमूहाचा कारभार लवकरात लवकर सोडावा. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या: बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसकडे, तळ मात्र ९९ वर्षांसाठी तसाच.

भारताचं काय?

भारत परदेशात मोठे लढाऊ तळ ठेवत नाही. पण पल्ला आणि रसद यांचं गणित आपल्यालाही सोडवावं लागतंच.

हवेत इंधन: २००३ पासून भारतीय हवाई दलाकडे सहा आयएल-७८ टँकर आले. जुलै २०२० मध्ये पहिली पाच राफेल फ्रान्सहून निघाली तेव्हा सुमारे ८,५०० किलोमीटरचा प्रवास दोन टप्प्यांत झाला. पहिल्या टप्प्यात फ्रेंच टँकरने इंधन दिलं. मग संयुक्त अरब अमिरातीतल्या अल धफ्रा तळावर थांबा. दुसऱ्या टप्प्यात आपल्या टँकरने इंधन दिलं आणि विमानं अंबाल्याला उतरली.

करार: ऑगस्ट २०१६ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेबरोबर 'लेमोआ' या रसद करारावर सही केली. 'आता भारतात अमेरिकन तळ येणार' अशी चर्चा तेव्हा खूप झाली. करारात तसं काही नाही. दोन्ही देशांची जहाजं, विमानं एकमेकांकडे इंधन, अन्न, दुरुस्ती घेऊ शकतात आणि त्याचे पैसे चुकते करतात. तळ देण्याची सक्ती नाही. बाहेर तळ न बांधता पल्ला वाढवायचा हा स्वस्त मार्ग.

माणसं परत आणणं: एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये यादवी भडकली. ऑपरेशन कावेरीसाठी सौदी अरेबियातलं जेद्दा हे मधलं ठिकाण ठरलं. २७ एप्रिलच्या रात्री हवाई दलाचं सी-१३०जे विमान खार्तूमच्या उत्तरेला साधारण ४० किलोमीटरवरच्या वादी सय्यिदना इथल्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. तिथे दिवे नव्हते, दिशा दाखवणारी यंत्रणा नव्हती, इंधनही नव्हतं. वैमानिकांनी रात्री दिसणारे गॉगल लावून विमान उतरवलं. इंजिनं चालूच ठेवून लोकांना आत घेतलं. १२१ जण सुटले, त्यात एक गरोदर बाई होती.

आता हेच गणित वरच्या भाषेत मांडा. पुढची जागा धोकादायक आणि रिकामी, म्हणून तिथे थांबायचं नाही. मधली जागा सुरक्षित आणि इंधनाने भरलेली, म्हणून मुक्काम तिथे. जेद्दाची परवानगी नसती, तर वादी सय्यिदनापर्यंत पोहोचणं फार अवघड झालं असतं.

बातमी वाचताना विचारायचे प्रश्न

'अमुक देशाने तमुक ठिकाणी विमानं तैनात केली' अशी बातमी फोनवर दिसली, की विमानांची संख्या बघून थांबू नका. हे पाच प्रश्न विचारा:

- जवळचं बंदर कुठलं, आणि तिथून तळापर्यंत इंधन कसं येतं?
- जमीन कुणाची, आणि परवानगी नेमकी कशाची आहे?
- वाटेत कुणाचं आकाश ओलांडावं लागतं?
- तळ शत्रूच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात आहे का, आणि असला तर दुसरी जागा कुठली?
- तिथे आधीपासून कोण राहतं?

या पाचांची उत्तरं मिळाली, की ती विमानं तिथे किती दिवस टिकून लढू शकतील याचा अंदाज तुम्हाला वेगाच्या आणि क्षेपणास्त्रांच्या आकड्यांपेक्षा कितीतरी चांगला येईल.